माशाच्या टाकीत मीठ : घालायचं की नाही?

आजचा विषय आहे मीठ. पण आमटीतलं किंवा लोणच्यातलं नव्हे. आज बोलायचं आहे माशाच्या टाकीतल्या मिठाबद्दल.

मागे आम्ही परसातल्या शोभिवंत माशांबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच गटांनी विचारलं आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, "आम्ही गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळतो. हे गोड्या पाण्यातले मासे. मग त्यांच्या टाकीत मीठ घालायचं की नाही?" एक ताई म्हणाल्या, "आम्हाला सांगितलंय, दर आठवड्याला मूठभर मीठ टाकलं की मासे आजारी पडत नाहीत." दुसऱ्या म्हणाल्या, "गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ म्हणजे विष." दोघीही अगदी ठामपणे बोलत होत्या.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे चूल पेटवायला मध्येच उठावं लागलं तरी हरकत नाही. रोजचं म्हणून मीठ घालायचं नाही. औषध म्हणून घालायचं, तेही तोलून, ठरलेल्या दिवसांपुरतं.

पोराला जुलाब लागले की आपण जलसंजीवनी देतो. त्या वेळी ती जीव वाचवते. पण पोर हसतंखेळतं असताना रोज पाण्याऐवजी जलसंजीवनी पाजतो का आपण? माशाचं मीठ अगदी तसंच आहे. ही गोष्ट आम्हाला आज कळते. दोन उन्हाळ्यांपूर्वी कळत नव्हती आणि तिची किंमत आम्ही मोजली आहे. ती हकीकत आधी ऐका.

आमच्या चार मुठी

आमचा गट दहा जणींचा. कोकणात, घरामागे माडांच्या सावलीत आमची शेड आहे. आत चार सिमेंटच्या टाक्या आणि काही काचेच्या. सुरुवातीला मॉली आणल्या. ज्या शहरातल्या दुकानातून त्या आणल्या, तिथल्या दुकानदारानं निघताना सांगितलं, "मोठ्या टाकीत दर आठवड्याला चार मुठी जाडं मीठ टाकत जा. काही होणार नाही माशांना." फुकटचा सल्ला, स्वस्तातलं औषध. आम्ही तो मनावर घेतला.

टाकी १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाणी ५० सेंटिमीटर उंच, म्हणजे ५०० लिटरची. दर सोमवारी जिची पाळी असेल ती चार मुठी मीठ टाकायची. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, ऊन वाढलं. टाकीचं पाणी आटायचं, की आम्ही विहिरीचं पाणी ओतून टाकी पुन्हा भरायचो. तळाचं पाणी नळीनं ओढून बाहेर काढायचं असतं, ते काम आम्ही जवळजवळ केलंच नाही. विहीर खोल गेलेली, पाणी फेकायला जीव होत नव्हता.

मॉली मात्र मजेत. पिल्लं देत होत्या, वाढत होत्या. टाकीतलं लांब पातीचं गवत पिवळं पडून विरघळलं, गोगलगायी मेल्या, तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. मासे बरे आहेत ना, मग झालं! उलट आम्ही म्हणायला लागलो, "मीठ मानवलं हो आपल्या माशांना."

मेच्या शेवटी आम्ही विडो टेट्राची १०० पिल्लं आणली. काळसर, पंखा पसरल्यासारखे दिसणारे मासे. गटाच्या अंतर्गत कर्जातून पैसे उचलले होते. सगळ्यात "चांगली चाललेली" टाकी कुठली? मॉलीची. त्यातच पिल्लं सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर निम्मी पाण्यावर आडवी. आमच्या एक काकी धावत आल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "काय गो, मीठ घातलंस मां?" कुणाला वाटलं मीठ कमी पडलं, म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या. तिसऱ्या दिवशी शंभरातली अकरा पिल्लं उरली.

आमच्या प्रशिक्षणाच्या मॅडम पुढच्या आठवड्यात आल्या. आम्हाला वाटलं, त्या विचारतील रोग कोणता दिसला. त्यांनी विचारलं, "मीठ किती घातलंत?" आम्ही म्हटलं, "चार मुठी." त्या म्हणाल्या, "एका वेळचं नाही विचारत. आजपर्यंत एकूण किती?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. एकीलाही सांगता आलं नाही.

मग त्यांनी तराजू मागवला. आम्ही दहाही जणींनी आपापली मूठ त्यावर रिकामी केली. एकीची मूठ ४५ ग्रॅम, एकीची ८० ग्रॅम! सरासरी धरली तर चार मुठी म्हणजे सुमारे २५० ग्रॅम. असे बारा सोमवार. हिशेब झाला ३ किलो. ५०० लिटरच्या टाकीत ३ किलो मीठ, म्हणजे एका लिटरला ६ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आम्ही समुद्राच्या सहाव्या हिश्शाला पोचलो होतो आणि त्यात दक्षिण अमेरिकेतल्या नदीतला मासा सोडला होता.

मॉली जगल्या, कारण मॉली हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा मासा. तिथं तो खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो. शिवाय मीठ हळूहळू वाढत गेलं, तिला सवय झाली. टेट्राची पिल्लं प्रवासानं आधीच दमलेली, आणि गोड्या पाण्याच्या पिशवीतून एकदम खाऱ्या टाकीत पडली.

काकडी आणि हरभरा

असं का होतं, हे समजायला स्वयंपाकघरात चला. कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावून ठेवली की थोड्या वेळात तळाशी पाणी साचतं. मिठानं काकडीतलं पाणी बाहेर ओढलं. उलट, सुका हरभरा साध्या पाण्यात रात्रभर ठेवला की सकाळी टम्म फुगतो. पाणी आत शिरलं. नियम सोपा : पातळ पडद्याच्या ज्या बाजूला मीठ किंवा क्षार जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं.

माशाच्या रक्तातही क्षार असतात, लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतके. गोड्या पाण्यात मात्र ते जवळजवळ नसतात. म्हणजे गोड्या पाण्यातला मासा हा जन्मभर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा आहे. त्याच्या कल्ल्यांमधून, कातडीतून पाणी सारखं आत शिरत राहतं. मग तो फुगून फुटत का नाही? कारण त्याचे मूत्रपिंड दिवसरात्र काम करतात. तो मासा पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ लघवी मात्र सतत करतो. त्या लघवीबरोबर थोडे क्षार जातात, ते तो कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. या सगळ्या उपसाउपशीत त्याची शक्ती खर्च होते. धडधाकट माशाला हा खर्च परवडतो. त्याचं अंगच त्यासाठी घडलेलं आहे.

आता मासा जाळीत घासला, खवलं निघालं, प्रवासात घाबरला किंवा कल्ल्यांना किडा लागला, तर काय होईल? भोकं पडलेल्या होडीसारखी गत. पाणी जोरात आत, क्षार जोरात बाहेर. अशा वेळी पाण्यात थोडं मीठ असेल, तर आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक कमी होतो. माशाचा उपसा हलका होतो, वाचलेली शक्ती बरं होण्याकडे लागते. मिठाची मदत ही अशी आहे.

आणि मीठ जास्त झालं तर? मग हरभऱ्याची काकडी होते. बाहेर मीठ जास्त, अंगातलं पाणी बाहेर. त्याच्या आधीच, ज्या माशाला खाऱ्याची सवय नाही त्याचं अंग हा बदल सोसता सोसता थकून जातं.

पाणी उडतं, मीठ उडत नाही

आमची खरी चूक इथे झाली. आमटी चुलीवर राहिली आणि आटली, तर ती खारट लागते हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही. पाणी वाफ होऊन गेलं, मीठ भांड्यातच राहिलं. टाकीतही तेच होतं. उन्हाळ्यात चार बादल्या पाणी आटलं, तुम्ही चार बादल्या ओतल्या, तर मीठ होतं तेवढंच आहे. वर पुन्हा मीठ घातलं तर दुप्पट झालं. पुढच्या आठवड्यात तिप्पट.

"आम्ही पाणी बदलतो," असंही काही जणी म्हणतील. चांगलं आहे, पण हिशेब बघा. १०० लिटरची टाकी, त्यात १०० ग्रॅम मीठ. तुम्ही २५ लिटर काढून टाकलं, तर पाव मीठ गेलं, ७५ ग्रॅम उरलं. वर पुन्हा १०० ग्रॅम घातलं की झालं १७५. पुढच्या आठवड्यात २३१. असं वाढत वाढत ते ४०० ग्रॅमच्या आसपास जाऊन थांबतं. मनात लिटरला १ ग्रॅम, टाकीत मात्र लिटरला ४ ग्रॅम.

म्हणून नियम असा : आटलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही. औषध चालू असताना जेवढं पाणी काढून टाकलं, तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ घालायचं. २५ लिटर काढलं, तर २५ लिटरचं.

मीठ कुठे उपयोगी पडतं?

पहिली जागा, नवी टाकी. नवीन टाकीत माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. या जिवाणूंची घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मध्येच नायट्राइट साचतं. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं. रक्त तपकिरी होतं. एअर पंप चालू असूनही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मिठातला क्लोराइड आणि हे नायट्राइट कल्ल्याच्या एकाच दारानं आत जातात. दारात क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइट बाहेर राहतं.

यासाठी मीठ लागतं किती? अगदी थोडं. १०० लिटरला १० ते २० ग्रॅम. इतकं मीठ टेट्रालाही सोसतं. मात्र सोबत खाद्य कमी करायचं आणि पाणीही बदलायचं. मीठ दार अडवतं, घाण काढत नाही.

दुसरी जागा, प्रवास. मासे पिशवीत भरून बाजारात किंवा दुसऱ्या गटाकडे पाठवताना गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश यांच्या पाण्यात लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ घातलं तर हाताळणीचा ताण कमी होतो. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायचे, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. आणि मासे कुठल्या पाण्यातून पाठवले, हे घेणाऱ्याला सांगायचं.

तिसरी जागा, पांढरे ठिपके. पाऊस लागला की किंवा थंडीत पाणी गार झालं की माशांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. मासे दगडावर अंग घासतात. हा एक बारीक परजीवी आहे. कातडीखाली तो वाढतो, मग सुटून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत नवीन मासा शोधतात. कातडीखाली असताना मीठ त्याला काही करू शकत नाही. पोहत असतानाच ते त्याला मारतं. म्हणून ठिपके दोन दिवसांत गेले तरी औषध थांबवायचं नाही. लिटरला ३ ग्रॅमपर्यंत मीठ, तेही एकदम नाही. पहिल्या दिवशी १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १, तिसऱ्या दिवशी १. मग १० ते १४ दिवस तसंच ठेवायचं. तळाचा गाळ नळीनं काढत राहायचा, कारण परजीवीचं वाढणं तिथेच चालतं. हे प्रमाण गोल्डफिश, कोई आणि पिल्लं देणाऱ्या माशांसाठी आहे.

चौथी जागा, मिठाचं स्नान. कोई किंवा गोल्डफिशच्या अंगावर जखम, बुरशी किंवा किडे असतील, तर वेगळ्या बादलीत त्याच टाकीचं पाणी घ्यायचं, लिटरला १० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं, हवा चालू ठेवायची आणि माशाला ५ ते १० मिनिटं त्यात ठेवायचं. त्या वेळात बादलीजवळून हलायचं नाही. फोन आला तरी नाही. मासा कलंडला की लगेच बाहेर. पिल्लांना, टेट्राला, तळाशी फिरणाऱ्या मिशाळ माशांना हे स्नान द्यायचं नाही.

सगळे मासे सारखे नाहीत

मॉलीला मीठ सगळ्यांत जास्त चालतं. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल, गोल्डफिश, कोई औषधापुरतं मीठ बरं सोसतात. टेट्रा आणि कोरीडोरास हे दक्षिण अमेरिकेतल्या हलक्या पाण्याचे मासे. त्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवायचा. त्यांना ठिपके आले, तर मिठावर भिस्त न ठेवता मत्स्य विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जाणकारांना विचारून दुसरं औषध करायचं.

पाणवनस्पती आणि गोगलगायी मिठाला लवकर बळी पडतात. आमच्या टाकीतलं गवत विरघळलं, तेव्हाच टाकी आम्हाला सांगत होती. पिल्लांचं खाद्य म्हणून डॅफ्निया सोडत असाल, तर तेही खाऱ्या पाण्यात मरतात आणि पाणी कुजवतात. म्हणून आजारी मासे वेगळ्या टाकीत काढून तिथेच मिठाचा उपचार करणं सगळ्यांत चांगलं. आम्ही आता एक ४५ लिटरची काचेची टाकी फक्त "दवाखाना" म्हणून ठेवली आहे. तिची जाळीसुद्धा वेगळी.

मीठ कोणतं?

साधं खडे मीठ, म्हणजे जाडं मीठ. शिरोड्याकडे किंवा पेण-उरणकडे मिठागरांतून निघतं तसलं. ते स्वच्छ हवं, त्यात माती किंवा मासळीचा वास नको. खारवलेल्या मासळीतलं उरलेलं मीठ चालणार नाही.

"आयोडीनचं मीठ घातलं तर मासे मरतात का?" असं पुष्कळ जणी विचारतात. आयोडीन त्यात इतकं कमी असतं की औषधाच्या प्रमाणात मासे त्यानं मरत नाहीत. घरात दुसरं मीठ नसेल आणि मासे गुदमरत असतील, तर पुडीतलं बारीक मीठ तोलून घालायला हरकत नाही. दुकानात "ॲक्वेरियम सॉल्ट" म्हणून रंगीत डबा मिळतो, त्यातही बहुतेक वेळा साधंच मीठ असतं. दाम मात्र कितीतरी जास्त. काळं मीठ, मसाला मीठ मात्र अजिबात नको.

तोला, विरघळवा, लिहा

आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० नं भागा. ६० लांब, ३० रुंद, २५ सेंटिमीटर पाणी. गुणाकार ४५,०००. म्हणजे ४५ लिटर. काचेची उंची नव्हे, पाण्याची उंची घ्यायची.

मग मीठ तराजूवर तोला. मुठीनं नाही, चमच्यानंही नाही. बारीक मिठाचा चमचा आणि खड्यांचा चमचा वजनात वेगळे भरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन मीठ पूर्ण विरघळवा आणि हवेच्या बुडबुड्यांजवळ थोडं थोडं ओता. खडे थेट टाकीत टाकले, तर ते तळाशी बसतात, मासे त्यावर जातात आणि भाजल्यासारखी इजा होते.

मीठ घालण्याआधी तुमचं पाणी मुळात कसं आहे तेही बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. पाणी जिभेला खारट लागत असेल, तर त्यात मीठ आहेच. त्यावर औषधाचं पूर्ण माप घातलं तर जास्त होईल.

आणि लिहून ठेवा. आमच्या प्रत्येक टाकीला आता सुतळीनं एक वही बांधलेली आहे. तारीख, किती लिटर पाणी काढलं, किती घातलं, मीठ किती ग्रॅम, कुणी घातलं. मीठ दिसत नाही, वही दिसते. दहा जणींच्या दहा पाळ्या असल्या की तोंडी हिशेब टिकत नाही, हे बचतीच्या पैशात आपण कधीच शिकलो आहोत. मिठाच्या बाबतीत उशिरा शिकलो, एवढंच.

मीठ काढायचं कसं?

उपचार संपला की मीठ काढायचं. पण एकदम सगळं पाणी बदलायचं नाही. अचानक घातलेलं मीठ जसं त्रास देतं, तसंच अचानक काढलेलंही. दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी काढा आणि मुरलेलं साधं पाणी भरा. १०० लिटरच्या टाकीत ३०० ग्रॅम मीठ असेल, तर पाच वेळा असं केल्यावर साधारण ७० ग्रॅम उरतं. तेही पुढच्या नेहमीच्या पाणीबदलात जातं.

आमच्या मॉलीची टाकी आम्ही अशीच, महिनाभर लावून गोडी केली. एकही मॉली मेली नाही. मात्र तोवर त्यातली एकही विकली नाही. तशाच विकल्या असत्या, तर त्या गिऱ्हाइकाच्या साध्या पाण्यात गेल्यावर थरथरल्या असत्या, मेल्याही असत्या आणि आमच्या गटाचं नाव खराब झालं असतं.

एक महत्त्वाचं. माशाच्या टाकीचं रोजचं गढूळ पाणी परसबागेला छान खत असतं. पण मिठाचा उपचार केलेलं पाणी वाल-वांग्यांना, केळीला घालू नका. माती खारावते. विहिरीजवळ, ओढ्यातही ओतू नका.

मीठ काय करत नाही

काही गैरसमज झटपट दूर करू. मीठ अमोनिया कमी करत नाही. मीठ घाण पाणी स्वच्छ करत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, तिचा क्लोरीन मिठानं जात नाही. ते पाणी एअर पंप लावून २४ तास मुरू द्यावं लागतं. मीठ पाण्याची आम्लता बदलत नाही. आणि मीठ घातलं म्हणजे जास्त मासे कोंबता येतात, असंही नाही. पुष्कळदा आपण पाणी बदलायचा कंटाळा करतो आणि मुठीनं मीठ टाकून मनाची समजूत घालतो. आम्ही तेच केलं होतं.

एका ताईंनी विचारलं होतं, "मग पिल्लांसाठी आर्टेमिया उबवतात, त्याला मीठ लागतंच ना?" लागतं. आर्टेमियाची अंडी लिटरला २५ ते ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात, हवा लावून, साधारण एक-दीड दिवसात उबतात. पण ते मीठ बाटलीतलं. पिल्लांना देण्याआधी आर्टेमिया बारीक फडक्यात गाळून साध्या पाण्यानं धुवायचा. बाटलीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

जाता जाता

मैत्रिणींनो, २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या कामाला जागा मिळाली आणि महिलांसाठी खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. त्यामुळे आपल्यासारखे गट या धंद्यात उतरले. टाकी, पंप, शेड यांचा खर्च आपण दहा वेळा मोजून करतो. मग टाकीत जाणारं मीठ न मोजता का टाकायचं?

त्या १०० पिल्लांचं कर्ज आम्ही हप्त्यांनी फेडलं. उरलेली अकरा मात्र आम्ही जपली. वेगळ्या, बिनमिठाच्या टाकीत ती वाढली. पुढच्या वर्षी त्यांतल्याच जोड्यांनी अंडी घातली. आज आमच्याकडे विकायला जे विडो टेट्रा आहेत, ते त्या अकरांचे.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या बैठकीला तराजू आणि जाडं मीठ घेऊन बसा. प्रत्येकीनं आपली मूठ तोलून बघा. किती फरक निघतो ते आम्हाला कळवा. आणि तुमच्या टाकीला आजपर्यंत एकूण किती मीठ गेलंय, हे गटातल्या कुणालाही सांगता येत नसेल, तर आजपासून मीठ बंद, पाव पाणी बदला आणि वही बांधा.

पुढच्या वेळी बोलू पिल्लांच्या खाद्याबद्दल. तोवर नमस्कार!